पंख शिवायला टाकलेत!

दोनशे वेळा विमानातून उडी मारून ज्याचे हातपाय शाबूत राहिले, त्यानं काय करावं? देवापुढे नारळ फोडावा आणि गुपचूप घरी बसावं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. पण अमेरिकेतल्या स्कायडायव्हरांचं डोकं नेमकं दोनशेव्या उडीलाच फिरतं! कारण त्यांच्या पॅराशूट असोसिएशनचा नियम आहे, की दोनशे उड्या झाल्याशिवाय विंगसूट अंगाला लावायचा नाही. नियम केला सावधगिरीसाठी, आणि ही मंडळी त्याच्याकडे बघतात मुहूर्त म्हणून. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्व्याण्णव, आणि दोनशेवी मारून पाय जमिनीला लागतात न लागतात तोच, ‘सर, माझा कोर्स उद्या सकाळी धरायचा का?’

हे मी ऐकीव सांगत नाही. घरातलंच प्रकरण आहे. भाचा माझा. नाव सांगत नाही, लग्नाचा आहे अजून. फिनिक्सला नोकरी करतो आणि शनिवार-रविवार ईलॉयच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, पडीक असतो. फिनिक्स आणि टूसॉनच्या मधोमध वाळवंटात हे गाव आहे. गावात बघण्यासारखं काय, तर आकाश!

या मंडळींत एक दंडक आहे. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली आणि ती चारचौघांच्या कानावर गेली, की संध्याकाळी सगळ्यांना बीअर पाजायची. पहिली उडी, बीअर. पहिली रात्रीची उडी, बीअर. मुख्य पॅराशूट दगा देऊन पहिल्यांदा रिझर्व्ह उघडावं लागलं, तरी बीअर! मरता मरता वाचला, त्याचा खर्चही त्याच्याच खिशातून. विंगसूट शिकताना तर जे जे करावं ते पहिलंच. पगार कुठे जातो हे वहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, आत्ता आत्ता कळू लागलंय.

आता हा विंगसूट म्हणजे आहे तरी काय? हात आणि धड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना कापडाचे पंख, आणि दोन पायांमध्ये तिसरा. कापड नायलॉनचं, वारा आरपार न जाणारं, दुपदरी. त्याला पुढून तोंडं ठेवलेली असतात. त्यांतून हवा आत शिरते आणि पंख फुगून ताठ होतात. साधा स्कायडायव्हर पोटावर पडतो तेव्हा ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगानं जमिनीकडे येतो. मिनिटभरात खेळ आटोपतो. विंगसूटवाला साधारण निम्म्या वेगानं खाली येतो आणि तेवढ्या वेळात पुढे सरकत राहतो. नवखा असेल तर मीटरभर खाली येताना दोनेक मीटर पुढे, मुरलेला असेल तर तीन. म्हणजे मिनिटाची दोन-अडीच मिनिटं होतात. आणि या वरच्या मिनिट-दीड मिनिटासाठी नव्या सूटला हजार ते दोन हजार डॉलर! मी वहिनीला ते रुपयांत करून सांगितलं नाही. तिनं स्वतःच केलं.

बरं, दुकानात गेलं आणि उचलला, असंही नाही. नवा सूट मापानं शिवून घेतात! मुंजीच्या वेळी शिंप्यापुढे क्षणभर उभा न राहिलेला हा पोरगा दोन्ही हात आडवे पसरून मारुतीच्या देवळातल्या खांबागत निश्चल उभा राहिला, आणि रूममेटनं टेप घेऊन छाती, कंबर, मांडी, दंड, मनगट सगळं मोजून काढलं. मग रंग. पाठीला मोरपंखी, पायातल्या पंखाला केशरी, कडेला पांढरी पट्टी. तेरा हजार फुटांवर ती पट्टी बघणार कोण, असं मी विचारलं तर म्हणतो, ‘आत्या, शेजारी उडणाऱ्याला दिसते ना!’

यातली मापाची गोष्ट मात्र खरीच महत्त्वाची निघाली. पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या, म्हणजे कंटेनरच्या, तळाशी पायलट चूट या छोट्या पॅराशूटची मूठ असते. ती ओढून वाऱ्यावर फेकली की ती मोठ्या पॅराशूटला बाहेर खेचते. सूट ढगळ असला की कापड त्या मुठीवर घोळतं. पंखाच्या घोळात मूठ सापडली नाही, तर पुढे काय सापडायचं?

तर सूट कुठला घ्यायचा, यावर तिथे जी रणं माजतात ती विचारू नका. स्क्विरल कंपनीचा स्विफ्ट की फिनिक्स फ्लायचा फँटम? नवा की कुणाचा तरी वापरलेला? ज्याला त्याला मोठे पंख हवेत. मोठा पंख म्हणजे जास्त वेळ हवेत, जास्त लांब मजल, आणि व्हिडिओत तर काय, राजबिंडा! पण त्याच मोठ्या पंखात वारा भरला की हात आत ओढणं जड जातं, आणि एक खांदा जरा खाली गेला की माणूस सपाट गिरक्या घ्यायला लागतो. गिरकीतून सुटायचं तर हातपाय आखडून पंख मिटायचे असतात. भोवरा झालेल्या माणसाला हे सुचायला हवं, एवढीच अट.

म्हणून तिथली खरी पंचायत भरते ती पॅकिंगच्या गालिच्यावर. पॅराशूटच्या घड्या घालता घालता कुजबुज चाललेली असते. ‘किती उड्या आहेत रे त्याच्या?’ ‘दोनशे चाळीस.’ ‘आणि सूट कुठला मागत होता म्हणालास?’ मग कुणी बोलत नाही, नुसत्या भुवया वर जातात. तासाभरात ती बातमी विमानाचा लोड ठरवणाऱ्यांपासून प्रशिक्षकापर्यंत पोचते, आणि साहेब उधारीचा मोठा सूट घेऊन निघालेले असताना कुणीतरी खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला घेतं. माझं तर स्पष्ट मत आहे, या लोकांचा निम्मा जीव अशा चहाड्यांनीच राखलाय. नियमाच्या पुस्तकात दोनशे हा आकडा लिहिलाय, पण दोनशे तिसऱ्या उडीला कुणाचं मन कुठल्या सूटवर गेलं, ते पुस्तकाला कसं कळावं? ते गालिच्यावरच्या मावशांना कळतं. दाढीवाल्या, दंडावर गोंदवलेल्या मावशा, पण कान तिखट!

याच मावशांनी आमच्या चिरंजीवांचं पॅराशूटही बदलायला लावलं. त्याच्याकडे लहानसं, चपळ, सुर्रकन वळणारं पॅराशूट होतं. फार मिरवायचा. विंगसूटला ते चालत नाही म्हणे. पंख पसरून जाणाऱ्या माणसाच्या पाठीमागे हवा ढवळलेली असते. पायलट चूट त्या हवेत रेंगाळू नये म्हणून तिची दोरी, म्हणजे ब्रायडल, लांब लागते. पॅराशूट उघडताना अंग जरा वाकडं असलं तर दोऱ्यांना पीळ पडतो, आणि हात तर अजून पंखांच्या झिपमध्ये बंद! म्हणून पॅराशूट असावं मोठं, सात कप्प्यांचं, मुकाट्यानं उघडणारं. झालं. मोरपंखी सूट, आणि त्याच्या डोक्यावर निवृत्त मुख्याध्यापकाला शोभेल असं छत्र. दोन दिवस तोंड पाडून बसला होता.

वहिनीची सगळी भिस्त होती ती एका छोट्या पेटीवर. सायप्रेस तिचं नाव. जर्मन माल, १९९१ पासून बाजारात आहे. माणसाची शुद्ध हरपली तरी ती आपणहून रिझर्व्ह उघडते. वहिनीनं तिच्या नावानं संकष्टी धरायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि मग कळलं, की ती पेटी जागी होते ती माणूस ताशी सुमारे सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगानं कोसळत असेल तर. विंगसूटवाला नीट उडत असला तर त्याहून सावकाश खाली येतो! पेटीला वाटणार, सगळं ठीक चाललंय. म्हणजे पेटी असावीच, पण तिच्या जिवावर उडू नये. ही बातमी वहिनीला कुणी दिली ते कृपा करून मला विचारू नका.

कोर्स म्हणाल तर त्याची सुरुवात जमिनीवर. इंजिनियर, डॉक्टर, एखादी शाळेतली बाई, सगळे पोटावर पालथे पडून हवेत हात मागे नेतायत, मूठ शोधतायत, पुन्हा हात पसरतायत. मग सूट रिगवर, म्हणजे पॅराशूटच्या सगळ्या सरंजामावर, चढवायचा, आणि इथे खरी भीतीची जागा आहे. सूट चढला की मांडीचे पट्टे त्याखाली झाकले जातात. लावलेत की नाही, बाहेरून दिसत नाही. पट्टे न लावता विमानाच्या दारातून गेलेली माणसं या खेळात होऊन गेली आहेत. म्हणून एकमेकांचे पट्टे चाचपून बघायचे, संकोच घरी ठेवून.

विमानातून हे लोक सगळ्यांच्या शेवटी निघतात. दाराबाहेर पडल्याबरोबर पंख उघडायचे नाहीत, कारण फुगलेला पंख माणसाला वर उचलतो आणि मागे विमानाची शेपटी वाट बघत असते. आधी मिटून खाली जायचं, मग पसरायचं. मग सरळ नाकासमोरही जायचं नाही, कारण आधी उडी मारलेल्यांची पॅराशूटं त्या रेषेत उघडलेली असतात. बाजूला वळून, ठरलेल्या चौकोनातून फेरी घालत ड्रॉपझोनकडे परतायचं. साडेपाच हजार फुटांवर हात आणि पाय एकदम, सारखे मिटायचे, मूठ फेकायची, पॅराशूट उघडलं की आधी हातांच्या झिपा सोडवायच्या, नाहीतर पॅराशूट वळवायचे वरचे टॉगल हाताला लागत नाहीत. एवढं सगळं दोन-अडीच मिनिटांत, शेजारी उडणारा प्रशिक्षक बघत असताना. भाच्यानं सगळं केलं, फक्त फेरीचं वळण उशिरा घेतलं. उतरला तो कापसाच्या शेतात. ईलॉयच्या भोवती कापूस पिकतो, हे ज्ञान आमच्या घरात असं आलं.

बाकी पंखांचं हे वेड काही आजचं नाही. १९१२ साली फ्रान्झ रायखेल्ट नावाच्या शिंप्यानं पॅराशूटचा अंगरखा शिवला आणि पुतळ्याला घालून तपासतो असं सांगून स्वतःच तो घालून आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून उडी टाकली. कॅमेरे चालू होते. वाचला नाही. क्लेम सोन हा अमेरिकन १९३७ मध्ये पॅरिसजवळ व्हॅन्सेनला हजारो लोकांसमोर पंख लावून छान उडाला, आणि मग त्याचं पॅराशूट उघडलं नाही. लिओ व्हॅलेंटिनचे पंख लाकडी. १९५६ मध्ये लिव्हरपूलला विमानातून निघतानाच पंख विमानाला लागला. आजच्या सूटचा जनक पॅट्रिक द गायार्दाँ, त्याची झेप बघून जग थक्क झालं होतं. १९९८ मध्ये हवाईत गेला, तेही आपल्याच कंटेनरमध्ये केलेल्या फेरफारामुळे. बघा तुम्हीच. शिंपीबुवांचं सोडा, बाकीच्यांत पंखानं उडताना दगा दिलाय कुठे? दगा दिला तो दारानं आणि पिशवीनं. आणि आमची पोरं भांडतात ती पट्टी पांढरी की पिवळी यावर! पुढे १९९९ च्या सुमाराला फिनलंडचा यारी कुओस्मा आणि क्रोएशियाचा रॉबर्ट पेचनिक यांनी बर्डमॅन कंपनी काढून हे पंख विकायला आणले, शिकवायची रीत बसवली, म्हणून तर आज कापसात का होईना पण धड उतरतात.

वहिनीनं मात्र पाहिले ते भलतेच व्हिडिओ. कड्यावरून झेप, झाडांचे शेंडे पोटाखालून, दगडाच्या भोकातून आरपार. जेब कॉर्लिस चीनमधल्या तियानमेनच्या गुहेतून २०११ मध्ये गेला, तो. भाचा घसा कोरडा करून सांगतो, ‘आई, ती बेस जंपिंग, ते वेगळं! त्यात एकच पॅराशूट असतं, आमच्यात दोन. आणि आमच्याखाली दगड नसतो, नुसती हवा असते.’ खरंय त्याचं. त्या कड्यांवरच्या प्रकारानं इतके बळी घेतलेत की शामोनीत २०१६ मध्ये बंदीच घालावी लागली. पण डीन पॉटर नावाच्या गिर्यारोहकानं आपल्या कुत्रीला, व्हिस्परला, गॉगल घालून पाठीवर बांधून कड्यावरून नेलं होतं, हे वाचल्यापासून वहिनी कुठलाच युक्तिवाद ऐकून घेत नाही. ‘कुत्रीनं दोनशे उड्या मारल्या होत्या का?’ याला उत्तर नाही.

आपल्याकडे तोंडात बोट घालायची वेळ आली होती ती २०१८ मध्ये, शीतल महाजन यांनी पटायाला नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी मारली तेव्हा. पुण्याची पोरगी, पद्मश्री मिळालेली, दोन्ही ध्रुवांवर उतरून आलेली. तेव्हाही लोकांनी साडीचीच चर्चा केली. पण तिथे सगळा खटाटोप होता तो आठ मीटरहून लांब कापडानं उडू नये म्हणून. इथे कापड उडावं म्हणून डॉलर मोजतात.

ताजी बातमी अशी, की गणपतीला घरी यायचं ठरलेले साहेब आता स्टॉकहोमला निघालेत. तिथे विंगसूटसाठी वाऱ्याचा तिरपा बोगदा बांधलाय, २०१७ मध्ये सुरू झाला. आत वारा सोडतात, पंख लावून त्यात तरंगायचं, सुरुवातीला दोरीनं बांधून, प्रशिक्षक शेजारी उभा. विमान नाही, पॅराशूट नाही. वहिनीनं फोनवर एवढंच विचारलं, ‘जमिनीपासून किती उंच?’ तो म्हणाला, ‘अगं, थोडेसेच फूट.’ वहिनी म्हणाली, ‘मग गणपतीचं राहू दे, दिवाळीलाही तिकडेच जा.’