सामूहिक कॉपी

तीन उत्तरपत्रिकांत एकच निबंध शब्दशः सापडला, तर त्याला काय म्हणतात हे लातूरच्या क्लासमधलं कुठलंही पोरगं सांगेल. वर्तमानपत्रांत मात्र त्याला बातमीला मिळालेला दुजोरा म्हणायची रीत आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये, विधानसभेच्या ऐन प्रचारात, तेव्हाचे मुख्यमंत्री आणि भोकरचे उमेदवार अशोक चव्हाण यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाचे गोडवे गाणारा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धेतल्या तीन मराठी दैनिकांनी छापला. काना-मात्रेचाही फरक नाही! पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त हे उघड केलं. उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता 5,379 रुपये. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्तीची मोहीम जोरात होती, पण भरारी पथकं शाळांपलीकडे गेली नाहीत. न्याय म्हणून हेही सांगायला हवं, की हा मजकूर पैसे देऊन छापून आणल्याचा आरोप चव्हाणांनी फेटाळला आणि खर्चाच्या हिशेबावरून निवडणूक आयोगाने त्यांच्याविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये रद्द केला. तिघांना एकच वाक्यं कशी सुचली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांसाठी शिल्लक आहे.

हाच दुजोरा आता जगाच्या बातम्यांना मिळतो. मोबाइलवर युक्रेनची एकच बातमी दहा ठिकाणी दिसली की आपण ती खरी मानतो आणि ‘अनेक स्रोतांतून निवडलेली’ असा शिक्का पाहून निर्धास्त झोपतो. दहाही ठिकाणी मूळ तार एकाच संस्थेची असली, तर साक्षीदार एकच. बाकीचे नऊ टाळकरी. यावर कुणी म्हणेल, नांदेडच्या दैनिकाने काय कीव्हला वार्ताहर ठेवायचा? मुळीच नाही. रॉयटर्स, पीटीआय यांच्याकडून बातमी विकत घेणं हा सरळ व्यवहार आहे आणि पुष्कळदा तीच सगळ्यात भरवशाची बातमी असते. तक्रार उसनवारीची नाही, सावकाराचं नाव लपवण्याची आहे. आपल्या पेपरांत बातमीच्या डोक्यावर बऱ्याचदा नुसतं ‘वृत्तसंस्था, वॉशिंग्टन’ असतं. कुठली वृत्तसंस्था? तिचा माणूस घटनास्थळी होता, की तोही टीव्हीच पाहत होता? वाचकाला एवढा वेळ कुठे, हा आक्षेपही खोटा नाही. म्हणून तर नाव छापायचं काम पेपरवाल्यांचं. तोवर वाचकहो, बातमी किती ठिकाणी आली ते मोजू नका. ती पहिल्यांदा कुणी दिली आणि कुठून दिली, एवढं मात्र संपादकांना पत्र लिहून विचारा.