पट्टी सांगा

इंदूरच्या कुठल्याही मराठी वस्तीत जा, रामबागेत म्हणा की लोकमान्य नगरात, गणपतीच्या मंडपात पेटीमागे एक काका बसलेले सापडतातच. गायला येणाऱ्याला ते नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "पट्टी सांगा."

पुरुष मंडळी हमखास "काळी एक" म्हणतात. काळी एक म्हणजे जणू पुरुषी गळ्याचं सरकारी माप. काकांचा त्यावर काडीचा विश्वास नसतो. "जरा आ करा," म्हणून ते डॉक्टरसारखे ऐकतात आणि गुपचूप खालच्या पांढरी सातवर उतरतात. गाणारा घरी जाऊन सांगतो, आज आवाज काय मोकळा लागला! बायकांची तऱ्हा निराळी. लताबाई 1929 साली इथल्याच शीख मोहल्ल्यात जन्मल्या, त्यामुळे त्यांची गाणी मूळ पट्टीतच म्हणायची हा इथल्या बायकांना आपला माहेरचा हक्क वाटतो.

भातखंड्यांच्या स्वरलिपीत सा तो सा. पट्टी कुठलीही घ्या, कागदावर एक अक्षर हलत नाही. हाल होतात ते बोटांचे. पांढरी एकला सातही शुद्ध स्वर पांढऱ्यांवर, सरळ सडक. एकच पट्टी वर सरका, काळी एकला या, की पाच स्वर काळ्यांवर चढून बसतात आणि दोनच खाली राहतात. यावर उपाय म्हणून स्केल चेंजर पेटी निघाली. तिच्यात पट्ट्यांची अख्खी फळीच सरकते. बोटं जागच्या जागी आणि सूर बदललेला. काकांच्या मते ती पेटी नव्हेच, लिफ्ट आहे. गुडघे शाबूत असताना लिफ्ट कशाला?

गेल्या गणपतीत एका जोडप्याने युगुलगीत काढलं. यजमान काळी एक, बाई काळी चार. दोघंही हटेनात. मागे रांगेत नाट्यछटावाली पोरं मिशा चिकटवून उभी. काकांनी डोळे मिटून निकाल दिला, "पांढरी तीन. त्रास दोघांना सारखा."

तबल्यावर मी होतो, म्हणजे तिसरा त्रास माझा. माझ्याकडे तबले दोन, एक काळी एकचा आणि एक काळी चारचा. पांढरी तीनला दोन्ही बाद. काका माझ्याकडे न बघता पुटपुटले, "काळी चारचा घे. अर्धा सूर चढव. पांढरी सहा होईल, म्हणजे आपला मध्यम. ठोक." मी हातोडी घेतली. गाणं पार पडलं. यजमानांचा तार षड्ज फाटला, बाईंचा मंद्र पंचम माइकलाही ऐकू गेला नाही, पण दोघं एकाच स्कूटरवरून घरी गेले. काकांच्या लेखी यालाच साथ म्हणतात.

भाषेची पट्टीही ते अशीच बदलतात. पुण्याच्या व्याह्यांचा फोन आला की "आपण अवश्य यावं", तो ठेवता ठेवता भाजीवाल्याला "क्या भिया, लूट मचा रखी है", आणि आत काकूंना "येऊन राहिलो ना!"

त्यांची खरी जिरली ती विसर्जनाच्या बँडपुढे. काका म्हणाले, "काली एक." क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मतलब डी शार्प." सॅक्सोफोनवाला महूचा, पलटणीच्या बँडातून निवृत्त, तो म्हणाला, "ए शार्प." तिघंही खरं बोलत होते. क्लॅरिनेट बी फ्लॅटचं, त्याने सी वाजवला की पेटीची काळी पाच निघते. म्हणून त्याला दोन पट्ट्या वरचं नाव घ्यावं लागतं. ऑल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे आपली काळी दोन. त्याला तीन पट्ट्या खालचं. त्यात युफोनियमवाल्याने आपला कागद पुढे केला. तो बेस क्लेफचा. क्लॅरिनेटवाला खालून दुसऱ्या ओळीवरच्या ठिपक्याला जी म्हणतो, हा त्यालाच बी म्हणतो. गणपती हातगाडीवर, गुलाल डोक्यावर, आणि एका सुरावरून पंचायत बसलेली. शेवटी काकांनी मंडपातून पेटी मागवली, रस्त्यात मांडी घातली आणि काळी एक दाबून धरली. "ये, भिया! ये वाली!" तिघांनी फुंकर मारली. एकच सूर. क्लॅरिनेटवाला म्हणाला, "वही तो हम बोल रहे थे."

आरतीपुढे मात्र ही सगळी विद्या थिटी पडते. गणपतीची पांढरी एकला उठते. झांजांच्या गजरात पेटी ऐकतो कोण? देवीच्या आरतीला समाज काळी एकवर गेलेला असतो, विठोबाच्या आरतीला काळी दोनवर. काका मागून धावतात, प्रत्येक कडव्याला घर बदलतात. लोटांगण येईतो पुढच्या बायका पांढरी पाचच्याही वर, मागची पोरं भलतीकडेच, आणि मी हातोडी कधीच पिशवीत टाकलेली. परवा बघतो तर काकांचा डावा हात भात्यावर चालू, उजवा मात्र पट्ट्यांच्या वर अधांतरी.

"काका, काय झालं?"

"गाडी सुटली रे," ते म्हणाले. "पुढच्या स्टेशनला थांबली की चढतो."