टाच, घड्याळ आणि तळे

सहा आठवडे धावायचे नाही, असे फिजिओथेरपिस्टने बजावले तेव्हा मी जन्मठेप झाल्यासारखा चेहरा केला. दुखणे एका टाचेचे, पण सांत्वनाला अख्खे महाड हवे होते. हौशी धावपटू जायबंदी झाला की त्याची जीभ तेवढी मॅरेथॉन पळते.

हल्ली पहाटे चवदार तळ्याभोवती चालतो. चालणे म्हणायचे नाही, ‘रिकव्हरी’ म्हणायचे. दुधाच्या पिशव्या घेतलेल्या काकू गप्पा मारत मला मागे टाकतात. मनगटावरच्या घड्याळाला त्या दिसत नाहीत, एवढेच समाधान.

प्रेरणा शोधायला ही जागा जरा गैरसोयीचीच. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला इथले पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्याच्या हक्कावरून झालेल्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! माझी चिकाटी तिसऱ्या आठवड्यातच संपली आणि ‘शरीराचे ऐका’ हा मंत्र आठवला. (शरीर गादीवरून बोलत होते.)

२० मार्चला दरवर्षी लांबलांबून माणसे येतात. सुजल्या पायांच्या म्हाताऱ्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावतात. किती किलोमीटर झाले, कुणी पाहत नाही. त्या दिवशी गर्दीचे कारण सांगून मी ‘रेस्ट डे’ जाहीर केला.

आता टाच बरी आहे. येत्या रविवारी रायगड चढून तिची परीक्षा घ्यावी म्हणतो. रोपवे किती वाजता सुरू होतो, तेवढे विचारून ठेवले आहे.