जॉइंट मारून देऊ काय?

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला वऱ्हाडात सल्ला मागावा लागत नाही; बॉनेट उघडलं की तो आपोआप गोळा होतो. मुंबईने 2023 साली शेवटची काळीपिवळी पद्मिनी निवृत्त केली, पण अमरावतीत आमची पद्मिनी अजून नोकरीवर आहे. त्यामुळे तिच्या वायरिंगच्या रक्षणावर अमरावती ते अकोला सगळ्या नातेवाइकांची ठाम मतं आहेत.

सासऱ्यांचा रोष उन्हावर. त्यात तथ्य आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 ओलांडतो, तोही सावलीत मोजलेला. बॉनेटखाली त्यात इंजिनाची धग मिसळते. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण साधारण 70 अंश सोसतं. वर्षानुवर्षं तापलं की त्यातला मऊपणा उडून जातो आणि वायर जरा वाकवली की पापडासारखी तडकते. म्हणून वायर एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांबून न्यावी, ग्लास फायबरची स्लीव्ह चढवावी आणि पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावं. नाहीतर गाडीच्या थरथरीने पत्र्याची धार वायर कापत राहते.

मामांच्या मते सगळा दोष रस्त्याचा. पण 2022 साली याच अमरावती-अकोला मार्गावर एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली आणि मामांचा मुद्दा त्या डांबराखाली गेला.

उरले उंदीर. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं ही त्यांची चैन नव्हे, गरज आहे. त्यातून कापसाचा मुलूख. एअर फिल्टरशेजारी ऊबदार गादी घालायला सामान कमी नाही. त्यांच्यावर डांबर गोळ्यांचा प्रयोग झाला. गाडीला आजीच्या ट्रंकेचा वास आला, उंदीर तिथेच. मग शेजारी म्हणाले, ‘‘खर्रा ठेवा भाऊ, उंदीर बॉनेटपाशी फिरकनार नाई.’’ तंबाखू-सुपारीचा तो खर्रा ठेवला. सकाळी पन्नी रिकामी. खर्रा उंदराने खाल्ला की वॉचमनने, हे अजून ठरलेलं नाही. वॉचमन त्या दिवसापासून गाडीवर लक्ष मात्र जास्त ठेवतो.

शेवटी अकोल्यातल्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याने काळ्या टेपचं जाड गाठोडं चाकूने उभं चिरलं. आतून घरच्या फिटिंगची लाल वायर निघाली (हॉर्न), टेलिफोनची पांढरी निघाली (टेपरेकॉर्डर), आणि लग्नाच्या मांडवातल्या माळेची हिरवी, तिच्या जोडाला जखमेवर लावायची चिकटपट्टी. ही मेव्हण्याच्या पंख्याची. तीन वायरी, तीन शुभचिंतक, फ्यूज एकही नाही.

‘‘उंदीर त एखांदी वायर कुरतडते भाऊ,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘मानूस दहा जोडते, अन् फ्यूज एकबी लावत नाई.’’

हिशेब सोपा आहे. 12 व्होल्टवर 55 वॉटचा एक दिवा साडेचार अँपिअरहून जास्त ओढतो, जोडी नऊच्या वर. एवढा करंट केसाएवढ्या वायरीतून नेला तर ती तापते, आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरी पेटतात. फ्यूजचं काम तिच्या आधी स्वतः वितळायचं. हेडलाइटला रिले दिला की जुन्या स्विचवरचाही भार उतरतो.

तेव्हा जुनी गाडी असलेल्यांना एवढंच सांगणं: नवी वायर करंटला पुरेल अशी जाड घ्या, फ्यूज बॅटरीच्या जवळ लावा, आणि ‘जॉइंट मारून देऊ काय?’ असं कोणी प्रेमाने विचारलं, तर आधी बॅटरीची वायर काढा. पंख्याचा हट्ट धरणाऱ्या मेव्हण्याला हातपंखा द्यावा. त्याला फ्यूज लागत नाही.