भैरवीचा बग

दुसऱ्याच्या वेबसाइटवर आपल्या सोयीची डागडुजी करायची म्हणजे वाड्यातल्या भाडेकरूने भिंतीत खिळा ठोकायचा. खिळा आपला, तसबीर आपली, भिंत मालकाची. मालकाने रातोरात भिंतच हलवली तर सकाळी तसबीर जमिनीवर. जाब विचारायचीही सोय नाही, कारण खिळा ठोकताना परवानगी कुणी घेतली होती?

या खिळ्यांना यूजरस्क्रिप्ट म्हणतात. २००४ साली आरन बूडमन नावाच्या प्रोग्रामरने फायरफॉक्ससाठी ग्रीसमंकी हे एक्स्टेन्शन बनवलं. वेबपान तुमच्या ब्राउझरमध्ये उतरलं की तुमचा जावास्क्रिप्टचा तुकडा त्याच्यावर चालतो. नको ते लपवतो, हवं ते चिकटवतो. फरक फक्त तुमच्या पडद्यावर, मूळ साइट जिथल्या तिथे. पुढे टॅम्परमंकी आलं, मग व्हायोलेंटमंकी. एकूण माकडांचा कारभार. तरी या माकडचेष्टांवर माझ्या ओळखीची निम्मी गानरसिक मंडळी अवलंबून आहेत.

हिंजवडीत मी पगारासाठी जो कोड लिहितो तो असंख्य लोक वापरतात आणि त्यातला एकही मला ओळखत नाही. हौसेने लिहिलेली माझी यूजरस्क्रिप्ट मात्र जेमतेम डझनभर लोक वापरतात आणि सगळ्यांकडे माझा फोन नंबर आहे.

सुरुवात नावांपासून झाली. गाणी ऐकायची एक साइट आहे. नाव सांगत नाही, रोज तिथेच जायचं असतं. नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, अशी तिची ठाम समजूत. त्यामुळे बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व आणि छोटा गंधर्व ही चौघं तिच्या लेखी सख्खी भावंडं. खरी नावं पाहिली तर नारायणराव राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, शिवपुत्र कोमकली आणि सौदागर गोरे यांचा एवढा मोठा एकत्र कुटुंबसोहळा इतरत्र झालेला नसावा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले अप्पा (मूळचे सदाशिव पेठेतले, हे ते सांगतातच) हे पाहून म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग हे बघवतं कसं रे तुला?" मी नावांचा तक्ता लिहिला, स्क्रिप्ट चालवली, चारही कुटुंबं विभक्त झाली.

लगेच आनंदघन उपटले. लता मंगेशकरांनी 'साधी माणसं'सारख्या चित्रपटांना या नावाने संगीत दिलं. साइटला आनंदघन हा कुणी वेगळाच गृहस्थ वाटत होता. मी त्याच्या जागी लताबाईंचं नाव दाखवलं, तर अप्पा रागावले. "त्यांनी नाव बदलून संगीत दिलं, ते तू जाहीर करावंस म्हणून?" मुद्दा बिनतोड होता. म्यूझिकब्रेन्झ या खुल्या संगीतकोशाने तो आधीच सोडवून ठेवलाय. तिथे व्यक्ती एक, तिला छत्तीस अक्षरी ओळखक्रमांक एक, पण तबकडीवर जे नाव छापलं ते तसंच दाखवायची सोय वेगळी. गंमत म्हणजे त्या कोशात भर घालणारी मंडळीही स्वतःच्या सोयीसाठी अशाच स्क्रिप्टा लिहितात आणि सांभाळत बसतात. मी त्यांची युक्ती उचलली: दिसतो आनंदघन, माउस वर नेला की लताबाई. अप्पा मोबाइल वापरतात. मोबाइलला माउस नसतो. हा प्रश्न अजून चर्चेत आहे.

खरा घोळ प्रहरांचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद झाले, आणि रात्र रात्र चालणारा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव वेळेवर घरी जायला लागला. तेव्हापासून दरबारी ऐकायला दरबार उरला नाही, अशी अप्पांची तक्रार. "निदान तुझ्या यंत्रात तरी राग वेळेवर लागू दे," ते म्हणाले. भातखंडे पद्धतीप्रमाणे आठ प्रहर, तीन-तीन तासांचे. सकाळी तोडी, दुपारी सारंग, सूर्यास्ताला मारवा, दिवेलागणीनंतर यमन, रात्री उशिरा दरबारी. ज्याची वेळ नाही तो राग यादीत फिकट करायचा. कोड दहा ओळींचा.

पण ब्राउझरला वेळ विचारली की तो ज्या मशीनवर बसलाय त्याचं घड्याळ वाचतो. अप्पांचा पुतण्या न्यू जर्सीतल्या एडिसनला. तिथलं घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे, थंडीत साडेदहा. अप्पांनी संध्याकाळी त्याला उत्साहाने पूरिया पाठवला, तो त्याच्या पडद्यावर फिकट, कारण तिथे लोक न्याहारीला बसलेले. घड्याळ कुणाचं धरायचं, ऐकणाऱ्याचं की गाणाऱ्याचं? अप्पा म्हणाले, "सूर्याचं." ठीक. मग अक्षांश-रेखांश घेतले, सूर्यास्ताचं गणित घातलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंची भाची नॉर्वेतल्या ट्रोम्सोला नोकरीला गेली. तिथे उन्हाळ्यात दोनेक महिने सूर्य मावळतच नाही. त्या पोरीने दोन महिने मारवा ऐकायचाच नाही काय, असा फोन मला काकूंचा आला. स्क्रिप्टमध्ये आता नॉर्वेपुरती वेगळी ओळ आहे.

आणि भैरवी. वेळ सकाळची, पण मैफलीच्या शेवटी कधीही चालते. कोडमध्ये लिहायला सोपं: राग भैरवी असेल आणि यादीतला शेवटचा असेल, तर वेळ बघू नका. नियम शास्त्रशुद्ध, कोड अचूक, आणि भैरवी काही केल्या लागेना. कारण साइटने ऑटोप्ले आणला होता. यादी संपत आली की पुढे आणखी गाणी आपोआप जोडली जायची.

"म्हणजे मैफल संपतच नाही?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग कलाकार घरी कधी जातात रे?"

शेवटी मी 'मैफल संपवा' असं बटण बसवलं. दाबलं की एक भैरवी लागते आणि मग शांतता. स्क्रिप्टमधली सर्वांत लोकप्रिय गोष्ट हीच. ती अप्पा कधी वापरत नाहीत. पानं वाढली की त्यांच्या घरच्या काकू वापरतात.

या सगळ्याला नवं काही करणं म्हणतात. देखभाल वेगळीच. साइटवाले दर थोड्या दिवसांनी पानाची रचना बदलतात. काल ज्या चौकटीचं नाव 'गायक' होतं, तिचं आज अर्थहीन अक्षरांचं कडबोळं झालेलं असतं. पूर्वी प्रत्येक दुव्याला नवं पान उघडायचं, तेव्हा स्क्रिप्टही नव्याने चालायची. आता पान एकदाच उघडतं आणि आतली मजकुराची ये-जा चालू राहते, म्हणून म्यूटेशन ऑब्झर्व्हर नावाचा पहारेकरी बसवावा लागतो. कुठे काही हललं की तो कळवतो. ऑटोप्ले चालू असताना तो इतकं कळवतो की लॅपटॉपचा पंखा द्रुत लयीत जातो. नवी आवृत्ती काढावी, तर अर्धे लोक ती घेतच नाहीत, आणि जुनी चालत नाही म्हणून फोन करतात. मूळ स्क्रिप्टांचं मोठं कोठार, यूजरस्क्रिप्ट्स डॉट ऑर्ग, २०१४ मध्ये बंद झालं. त्याच्या मालकाला किती फोन येत असतील याची मला आता पुरती कल्पना आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणी ही स्क्रिप्ट वापरत असेल तर एवढी विनंती. ती बंद पडली की नुसतं 'काही दिसत नाही' असं कळवू नका. ब्राउझर कुठला, आवृत्ती कुठली, आणि बाहेर सूर्य कुठे आहे, तेही लिहा. फोन रात्री नऊपर्यंत. डिसेंबरात सवाईच्या दिवसांत मात्र नको. तेव्हा मी मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो, आणि तिथे ऑटोप्ले नसतो.