ग्राहक घरी नव्हते म्हणे!

कोराडी सापडायला कठीण नाही. ६६० मेगावॅटचे तीन संच चालवणारं औष्णिक वीज केंद्र, आभाळात घुसलेली धुराडी आणि जगदंबेचं मंदिर. नवरात्रात भाविकांची रीघ न चुकता पोचते. चुकतो तो फक्त कुरिअरवाला. दिवसभर दाराकडे डोळे लावून बसावं आणि संध्याकाळी मोबाइलवर निरोप यावा: 'पार्सल देण्याचा प्रयत्न केला, ग्राहक घरी नव्हते.' हा प्रयत्न बहुधा मनातल्या मनात होत असावा.

तक्रार करायला जावं तर समोर यंत्र. 'तुमची अडचण समजते' म्हणत ते चार पर्याय देतं. आपली अडचण नेमकी पाचवी असते. नकाशावरचा ठिपका मात्र इमानदार. पार्सल कोराडीच्या दिशेने आलं आणि परत फिरलं, हे आता याचि डोळा पाहता येतं. प्रगती म्हणतात ती हीच.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. तेवढ्या सहा आकड्यांवर पत्रं खेडोपाडी पोचली. आज उपग्रह, नकाशा, ओटीपी सगळं दिमतीला असूनही फोन येतो, 'भाऊ, मंदिराजवळ या न घ्यायला.' घरपोच सेवेचे पैसे भरायचे आपण, आणि आणायला जायचंही आपणच.

तेव्हा निरोपाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा. तक्रार क्रमांक तरी नक्की घरपोच मिळेल.