जुन्या गाडीचे व्यवस्थापन

खासगी मोटारगाडी कायद्याने १५व्या वर्षी म्हातारी होते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे तिची पहिली नोंदणी तेवढीच वर्षे चालते. पुढे दर ५ वर्षांनी तिला परिवहन कार्यालयात नेऊन ती अजून धडधाकट असल्याचे सिद्ध करावे लागते. या फेरनोंदणीचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत १५ वर्षांच्या पेट्रोल आणि १० वर्षांच्या डिझेल गाडीला रस्ता बंद करण्याचे आदेश निघाले. मराठवाड्यातल्या अर्धापुरात तशी बंदी नाही, त्यामुळे निर्णय सरकारवर ढकलून मोकळे होण्याची सोयही नाही.

जुन्या गाडीचा मालक सहज ओळखता येतो. ‘केवढ्याला देता?’ असे विचारले की त्याला राग येतो आणि कुणीच विचारले नाही तर त्याहून जास्त येतो. प्रस्तुत लेखक याच प्रवर्गातला. पांढरी गाडी उन्हात कमी तापते म्हणून घेतली, असे तो सांगतो. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असले तरी खरे कारण नव्हे. मराठवाड्यात पांढऱ्या गाडीला लोक लांबूनच नमस्कार घालतात, आणि आत कुणी पुढारी नाही हे दिसेपर्यंत नमस्कार पोचता झालेला असतो. हल्ली गाडीचा पांढरा रंग ताकासारखा पडल्यापासून हे उत्पन्न घटले आहे. गाडी बदलावी हा विचार प्रथम तेव्हा आला, इंजिनातून धूर आला तेव्हा नव्हे.

हिशेबाची बाजू अशी. विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या ६ महिन्यांतच ५ टक्क्यांनी घटते, वर्ष भरेपर्यंत १५, आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी. ५ वर्षांनंतर तक्ता हात टेकतो. किंमत मालकाने आणि विमा कंपनीने आपसात ठरवायची असते. म्हणजे नवी गाडी दारात उभी राहूनही पैसे खाते, जुनीची किंमत मात्र फारशी उतरत नाही, कारण उतरायला काही उरलेलेच नसते. म्हणून वर्षाचा दुरुस्तीखर्च नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांपेक्षा कमी आहे तोवर दुरुस्ती परवडते. एकाच कामाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीवर गेला की थांबावे. हिशेब सोपा आहे आणि तो कुणी करत नाही. प्रत्यक्षात आधी बॅटरी बदलली जाते. एवढी नवी बॅटरी दुसऱ्याला कशाला द्यायची, म्हणून गाडी ठेवली जाते आणि टायर बदलले जातात. टायर कोरे करकरीत, म्हणून क्लचप्लेट. अशा रीतीने मालक गाडी न बदलता सगळी गाडी बदलतो.

निदान मिस्त्री करतो. या भागातले ठरलेले दुखणे म्हणजे रेडिएटर. बोअरचे पाणी जड; ते वर्षानुवर्षे ओतले की आत क्षारांचा थर बसतो, नळ्या चोंदतात आणि मे महिन्यात, पारा ४२ च्या पुढे गेला की, गाडी रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभी राहते. मिस्त्री बॉनेट उघडतो, कान लावतो, ‘आवाज कव्हापासून येलालाय?’ विचारतो आणि उत्तर ऐकत नाही. मग निकाल देतो : ‘इंजन लाख हाय, सायेब. बाकीचं तेवढं बदलू.’ मालक या वाक्याचा पहिला अर्धा भाग चारचौघांत सांगतो आणि दुसऱ्या अर्ध्याचे बिल भरतो.

येथे केळीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. अर्धापूर तालुका केळीचा. ‘अर्धापुरी’ नावाचे वाणच आहे. या तालुक्यात चारचाकीवाला पाहुणा रिकाम्या डिकीने परत जाऊ शकत नाही. नको म्हटले तर एक फणी वाढते. केळ स्वतः इथिलीन वायू सोडते आणि त्याच वायूने पिकते. बंद डिकीत तो कोंडला की काम आणखी लवकर होते. पण पिवळा रंग येण्यासाठी गारवा लागतो. व्यापारी म्हणूनच माल १६ ते १८ अंशांच्या खोलीत पिकवतात. उन्हात तापलेल्या डिकीत केळ आतून लगदा होते आणि साल हिरवीच राहते. ती साल पाहून मालक ‘अजून दोन दिवस लागतील’ असे घरी सांगतो, आणि संध्याकाळी डिकीतून जो वास येतो त्याला पुढे कोणतेही अत्तर पुरत नाही. कच्च्या घडाचा चीक सीटकव्हरला लागला तर काळा डाग पडतो. तो साबणाने जात नाही, रॉकेलने जात नाही, पाहुण्यांनी पाहिल्याशिवाय राहत नाही. लातूरकडून आलेला एक ग्राहक मागच्या सीटवरचा असा डाग पाहून गाडीला अपघात झाला होता का, असे विचारून गेला. तरीही केळीने एक उपयुक्त नियम दिला आहे : जुन्या गाडीची साल पाहू नये. पॉलिश मारलेली गाडी उचलून, खालून, चेसिसवरचा गंज पाहावा. इंजिन उतरवून बांधता येते. सडलेली चेसिस बांधून भागत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र थट्टेत बसत नाही. नव्या गाड्यांत चालकापुढची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटपुढची २०२१ मध्ये. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत दोन्ही नाहीत. आणि गाळपाच्या हंगामात या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन, पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. चकाकणारी पट्टी चिकटवायला किती खर्च येतो? ती चिकटवली नाही म्हणून माणसे मरतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘चालकाचा ताबा सुटला’ असे छापून येते. ताबा शाबूत असतो; पुढे काही आहे हेच दिसलेले नसते. ज्याला रात्री महामार्गावर जावे लागते त्याने गाडी बदलावी. येथे रेडिएटरचा आणि नमस्कारांचा हिशेब लावू नये.

दुरुस्तीच्या यादीत काही कामे मुद्दाम बाकी ठेवली जातात. प्रस्तुत लेखकाच्या गाडीचे डावीकडचे पुढचे दार आतून उघडत नाही. काम किरकोळ आहे. परंतु त्या सीटवर त्याची आई बसते. गाडी थांबली की चिरंजीवांना उतरून, वळसा घालून, बाहेरून दार उघडावे लागते. आई हे सगळ्या भावकीत सांगते : ‘माझं लेकरू कितीबी घाईत असू दे, उतरून येतंय, दार उघडतंय. म्या मोटारीचं दार कव्हा हातानं उघडलं नाही.’ दोन्ही सुनांना हे ऐकवून झाले आहे. तिला खरे कारण ठाऊक असण्याची शक्यता नाकारता येत नाही. उतरण्यापूर्वी ती पदर सावरून सरळ बसते आणि कडीकडे पाहतही नाही. मिस्त्रीने ते दार दोनदा करून देतो म्हटले. दोन्ही वेळा गाडी घाईत होती.

शेवटचा भाग निरोपाचा. केंद्राच्या २०२१ च्या धोरणानुसार गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिली तर त्याचे प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. मोडीची किंमत त्याच प्रकारच्या नव्या गाडीच्या ४ ते ६ टक्के धरलेली आहे. गाडी विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यावे. नुसत्या शब्दावर, ओळखीत, ‘करून घेऊ की नंतर’ म्हणून किल्ली देऊ नये. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. नाव बदलले की व्यवहार पूर्ण होतो. त्यानंतर ती गाडी रोज किती तेल पीत होती, हे मालकाला चारचौघांत सांगता येते.